फॉर्म लगेच उघडला

मॅडम, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं म्हणून लिहितेय. मालेगावच्या तुमच्या कॉम्प्युटर क्लासला मी किन्हीराजाहून बसने यायची. लाईट गेली तरी तुम्ही क्लास सोडायच्या नाहीत, खडूने फरशीवरच रकाने आखून शिकवायच्या. एकदा मी सगळ्या गावाच्या नोंदी भरून, उघडताच त्या सगळ्या दिसतील असा डेटाबेसचा फॉर्म बनवला. तुम्ही तो उघडलात. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं ते जाईचना. तुम्ही शांतपणे विचारलंत, "तुले कोणाचं रेकॉर्ड पाह्यजे?" मी मैत्रिणीचं नाव सांगितलं. "मंग अख्ख्या गावाले काहून उठवून राह्यली? तिलेच हाक मार ना." तो फॉर्म तुम्ही मला पुसायला लावलात. मी रुसले. तुम्ही डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "खा, अन् पुन्हा कर."

आता मी एका बाळंतपणाच्या दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळते. इथला फॉर्म उघडताना सगळ्या पेशंटच्या सगळ्या नोंदी, जुन्या रिपोर्टांसकट, एकदम ओढायचा. पेशंट वाढले तसा तो इतका रेंगाळायला लागला की सिस्टरनी तो बघायचंच सोडलं. डॉक्टर नवीन कॉम्प्युटर घ्यायला निघाले होते. मी म्हटलं, मला एक रविवार द्या. मी फॉर्म रिकामाच उघडेल असा केला. मोबाईल नंबर टाकला की त्या एकाच बाईची नोंद येईल, नंबर पटकन सापडावा म्हणून त्यावर इंडेक्स लावला, आणि जुने रिपोर्ट दुसऱ्या टॅबमागे ठेवले, क्लिक केलं तरच यावेत असे.

आज आसेगावकडून घरीच बाळंत झालेल्या एका बाईला जीपमधून आणलं. रक्तस्राव होत होता, ती शुद्धीवर नव्हती. डॉक्टरांनी सोबतच्या सासूला विचारलं, "मावशी, हिले कोणतं औषध चालत नाही?"

"मागच्या बाळंतपणात इथंच एका इंजेक्शननं अंग सुजलं होतं साहेब. पण त्याचं नाव मले नाई सांगता येत."

मी सासूकडून नंबर घेऊन टाकला आणि नोंद समोर आली. तिला न चालणाऱ्या औषधाचं लाल अक्षरांतलं नाव मी मोठ्याने वाचलं. सिस्टरच्या हातात तेच इंजेक्शन भरलेलं होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं, दुसरं भरलं. संध्याकाळी ती बाई सासूला विचारत होती, "पोरगं कुठं हाय?" पोरगं सासूच्याच मांडीवर झोपलं होतं.

डॉक्टर जाताना थांबले. "हे कुठं शिकलात तुमी?" मी म्हटलं, "आमच्या मॅडमजवळ." ते म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांगा." तुम्ही आता या जगात नाही आहात हे मी त्यांना सांगितलं नाही. नमस्कार घेतला, आणि तो पोचवायचा म्हणून हे लिहायला बसले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते माझ्याजवळच राहील. एक कबूल करते मॅडम. आता सिस्टरना हे सगळं मी शिकवते, आणि त्या चुकल्या की माझा आवाज चढतो. तुमच्यासारखं शिकवणं मला अजून जमलेलं नाही.