अण्णा, मी ढोलकी शिकले

अण्णा, काल मी दत्ताच्या देवळात ढोलकी वाजवली. दीड तास. तुमचा विश्वास बसणार नाही म्हणून ते आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश लिहीन. तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होऊन गेली आणि हे माझं तुम्हाला पहिलंच पत्र. तुम्ही होतात तेव्हा लिहायची वेळ आली नाही. कोपरीची मुलगी डोंबिवलीला दिलेली, अर्ध्या तासाच्या अंतरावर कोण कोणाला पत्र लिहितं?

तुमच्या पखवाजाला लागणारी कणीक मी मळायचे, ते तुम्हाला आठवत असेल. रविवारी चारच्या सुमाराला तुम्ही चाळीतल्या बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरायचात आणि आत आवाज द्यायचात, "बाय, कणीक!" आई म्हणायची, "इथे पोळ्यांना पीठ पुरत नाही, आणि ह्यांच्या ढोलालाही जेवायला लागतं." तुम्ही म्हणायचात, "ढोल नव्हे, पखवाज." दर रविवारी हेच, शब्दाचाही फरक नाही. मूठभर पीठ, त्यात मीठ नाही, तेल नाही, पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल. घट्ट झाली तर डाव्या बाजूचा आवाज बसतो, पातळ झाली तर सरकते. तुम्ही गोळा बोटाने दाबून बघायचात, पखवाजाच्या डाव्या तोंडावर मधोमध थापायचात, एक थाप मारायचात आणि मान हलवायचात. त्या मान हलवण्याची मी सबंध आठवडा वाट बघायचे.

त्यातलाच एक रविवार. मी दहा वर्षांची आहे. भजनीबुवांनी पेटी उघडली आहे, खोलीत आठ-दहा माणसं दाटीने बसली आहेत, आणि टाळ वाजवणारे एक काका गावाला गेले आहेत. बुवाच म्हणतात, "पोरीला द्या की टाळ. पखवाजवाल्याची पोर आहे!" मी तुमच्या डाव्या बाजूला बसते. पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या असाव्यात. मग माझे टाळ कुठेतरी निराळेच चालायला लागले. मला ते कळत होतं. पण थांबायचं कसं आणि परत मिसळायचं कुठे ते कळत नव्हतं, म्हणून मी आणखी जोरात वाजवत राहिले. बुवांनी गाता गाता एकदा बघितलं. मग दुसऱ्यांदा बघितलं. तेवढ्यात तुमचा डावा हात, कणकेने माखलेला, पखवाजावरून उठला आणि माझ्या टाळांवर येऊन बसला. आवाज बंद. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. भजन पुढे गेलं. टाळांना कणकेचे ठिपके चिकटले होते, ते वाळेपर्यंत मी तशीच बसून होते. माणसं गेल्यावर तुम्ही मला जवळ घेतलंत. "बाय, तुझ्या हातात लय नाही गं. नसते एकेकाच्या. कणीक छान मळतेस, तेवढं करत जा." तुम्ही ओरडला असतात तर मी दोन दिवसांत विसरले असते. तुम्ही प्रेमाने सांगितलंत, म्हणून ते खरं वाटलं.

त्यानंतर मी कधी टाळी वाजवली नाही. गणपतीच्या आरतीला रांगणारं मूलसुद्धा टाळ्या वाजवतं. मी तबक धरायचे. तबक दुसऱ्या कोणी घेतलं तर मी स्वयंपाकघरात जायचे, गॅसवर काहीतरी ठेवलेलं असायचंच. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत ह्यांनी विचारलं, "आरतीच्याच वेळेला तुझं दूध कसं उतू जातं?" मी म्हटलं, "दुधाला विचारा." पुढे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही खरं कारण सांगितलं नाही. आता ते जाऊन तीन वर्षं झाली. तुम्हाला जावई आवडायचा म्हणून कळवते, शेवटी त्यांचे फार हाल झाले नाहीत. मुलगी नौपाड्यात असते, दर रविवारी येते. घर नीट चाललं आहे. फक्त दिवसाचा आकार गेला आहे. पूर्वी दिवस त्यांच्या डब्याने सुरू व्हायचा आणि चपलांच्या आवाजाने संपायचा. आता तो कुठूनही सुरू होतो. मी वाचते. शिक्षण नववीपर्यंतच झालं, पण वाचनालयातली पुस्तकं बदलून बदलून वाचायला शिकले. तरी पुस्तक मिटलं की घरात कोणी नसतंच.

म्हणून गुरुवार महत्त्वाचा. आमच्या मागच्या गल्लीत बायकांचं भजनी मंडळ आहे, तीन ते पाच. शेजारणीने ओढून नेलं तेव्हा मी आधीच सांगून टाकलं की मी गाणार नाही, वाजवणारही नाही. तर त्यांनी मला वहीवर बसवलं. ज्यांना चष्मा लावूनही दिसत नाही त्यांच्यासमोर वही धरायची आणि वेळेवर पान उलटायचं. पेटी वाजवतात त्या वहिनी म्हणजे मंडळाच्या मुख्य. ढोलकी वाजवायच्या त्या काकू बहात्तर वर्षांच्या, तोंडाने फटकळ, हाताने लोण्यासारख्या. दसऱ्यानंतर काकू न्हाणीघरात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, हाड जुळेल, पण ढोलकी विसरा. मग एका गुरुवारी वहिनींनी मोबाईलवर ठेका लावून पाहिला. मोबाईलला कुठे माहीत की आमच्यातल्या निम्म्या बायका ओळीच्या मध्ये श्वास घ्यायला थांबतात? तो थांबेना, आम्ही पोचेना. शेवटी भजन संपलं आणि तो एकटाच वाजत राहिला. हसू आलं सगळ्यांना, पण पुढच्या गुरुवारी चारजणी आल्याच नाहीत.

"बंदच करू या आता," वहिनी म्हणाल्या. "दत्तजयंतीला येत नाही म्हणून देवळात कळवून टाकते."

मला पुढचे सगळे गुरुवार दिसले, तीन वाजलेले आणि मी घरात. मी म्हटलं, "मी शिकते."

"तुम्ही?" एकजण म्हणाली. "अहो, तुमची साधी टाळी ऐकली नाही आम्ही दोन वर्षांत."

प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून काकू बसल्या होत्या. "म्हणून तर हात नवेकोरे आहेत तिचे," त्या म्हणाल्या. "उद्या अकराला ये गं माझ्याकडे. नखं कापून ये."

अण्णा, मी काय पत्करलंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं. वाचनालयातून मी तालावरचं एक पुस्तक आणून रात्रीच वाचून काढलं होतं. मात्रा कळल्या, सम कळली, खाली कळली. हाताला मात्र वाचता येत नाही. ढोलकी मांडीवर आडवी घेऊन मी पहिली थाप मारली तशा काकू ओरडल्या, "अगं, ढोलकी आहे ती, पोळपाट नाही!" त्यांना स्वतः वाजवून दाखवता येत नव्हतं, म्हणून सगळी शिकवणी तोंडीच. त्या थापेनंतर दोन आठवडे त्यांनी ढोलकीला हातच लावू दिला नाही. धा गे ना ति, न क धि न. भाजी चिरताना म्हणायचं, जिना चढताना म्हणायचं, पावलागणिक एक अक्षर. मग एक आठवडा नुसता उजवा हात, एक आठवडा नुसता डावा. वेगवेगळे दोघेही शहाणे. एकत्र आणले की दोन जावांसारखे, एक कामाला लागली की दुसरी बसते. उजवा "ना" वाजवायला गेला की डावा वर तसाच लोंबकळत राहायचा, आणि त्याला आठवण केली की उजवा विसरायचा. त्यात मला घाई. चार वेळा नीट जमलं की पाचव्यांदा मी धावत सुटायचे.

"कुठली गाडी सुटतेय तुझी?" काकू विचारायच्या.

मुलगीही एके दिवशी फोनवर म्हणाली, "आई, खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला फोन केला होता. विचारत होते, तुमच्याकडे फरशीचं काम कधी संपणार?"

पण काकूंना माझं खरं दुखणं पाचव्या आठवड्यात सापडलं. "तुझे हात वाईट नाहीत," त्या म्हणाल्या. "चुकलीस की थांबतेस, ते वाईट आहे."

"चुकल्यावर थांबायचंच ना, काकू?"

"कोणी सांगितलं तुला?"

तुमचं नाव त्यांच्यापुढे घ्यावंसं वाटलं नाही.

त्याच सुमाराला एके सकाळी घरी सराव करताना नाकावर माशी बसली. हाकलायला डावा हात उचलला आणि उजवाही तिथेच बंद पडला. पुन्हा सुरू केलं, मुद्दाम डावा हात उचलून पाहिला, पुन्हा बंद. असं मी दहा-बारा वेळा केलं असेल. मग एकदम तुमचा तो हात डोळ्यांसमोर आला. इतकी वर्षं मला त्या हाताखालचे माझे टाळच आठवत होते. तो हात कुठून उठून आला होता हे कधी मनातच आलं नव्हतं. तेवढा वेळ तुमच्या पखवाजाची एक बाजू मुकी झाली असणार. बुवांसमोर, माणसांसमोर. उजव्याने ठेका चालू ठेवून तुम्ही डावा पार माझ्यापर्यंत आणलात, मला गप्प केलंत आणि परत जाग्यावर नेऊन ठेवलात, तरी भजन अडलं नाही. मला हसायलाच आलं. मला नाकावरची माशी हाकलता येत नाही आणि तुम्ही एवढं केलंत! ते माझी लाज राखायला केलंत की तुमची, हे मला आजही ठरवता येत नाही. पण ज्याचा हात इतका सहज फिरतो त्याला दुसऱ्याचा हात का अडकतो ते कळायचं कसं? तुम्ही खोटं बोलला नव्हतात. तुम्हाला तेवढंच माहीत होतं. हे कळलं आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी उठून चहा केला आणि दुपारपर्यंत सराव केला नाही.

आता कालचं सांगते. देवळात आम्हाला चार ते साडेपाचची वेळ दिली होती. न आलेल्या चौघींपैकी तिघी आल्या. काकू माझ्या शेजारी, प्लास्टर निघालेला हात पदराखाली घेऊन. पहिलं भजन पार पडलं. दुसरंही. तिसऱ्याला वहिनी रंगल्या आणि त्यांनी एकच ओळ चारदा घोळवली, मध्येच लांबवली, आणि मी सुटले. त्या कुठे आहेत आणि मी कुठे आहे, काही कळेना. हात थांबले. देऊळ भरलेलं. मी मान खाली घातली आणि अण्णा, खरं सांगते, मी कोणाचा तरी हात ढोलकीवर येण्याची वाट पाहिली.

आला नाही. टाळवाल्या बायका वाजवतच होत्या. वहिनींनी दोन ओळींच्या मध्ये श्वास घेता घेता म्हटलं, "धर गं, कुठूनही धर." काकूंनी कोपराने ढोसलं. मी तोंडाने धा गे ना ति म्हणत टाळांच्या मागे मागे गेले, आणि तिसऱ्या की चौथ्या फेरीला हात पडले ते बरोबर जागेवर. कोणी वळून बघितलं नाही. भजन संपल्यावर सर्वांनी हात जोडले आणि वहिनींनी पुढचं सुरू केलं. एवढंच झालं. ज्याला मी पन्नास वर्षं घाबरत होते ते एवढंच असतं. आणखी दोनदा चुकले, दोन्ही वेळा परत आले. निघताना पुजारी म्हणाले, "पुढच्या वर्षीही हीच वेळ ठेवतो." वहिनी म्हणाल्या, "ठेवा की." काकू मला म्हणाल्या, "बरी वाजवलीस. घाई करतेस अजून. गुरुवारी लवकर ये."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, भजनाच्या वहीत ठेवून देईन. फक्त एक कबूल करायचं राहिलं. काल घरी येताना रिक्षात बसले तेव्हा लक्षात आलं की त्या दीड तासात मला ह्यांची आठवण एकदाही आली नाही. तीन वर्षांत असं झालं नव्हतं, झोपेतही नाही. हातांची मोजणी चालली होती, दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते असं, की गिरणीतून येताना कोणीतरी दळणाचा डबा घटकाभर आपल्या हातातून घ्यावा. दार उघडल्यावर मी तो परत घेतला, तो माझाच आहे. पण मध्ये हात मोकळे होते. आणि अण्णा, रागावू नका, त्या दीड तासात तुमचीही आठवण फक्त एकदाच आली.