मावशींचा डावा हात

शुक्रवार, विचुंबे. संध्याकाळचे सात.

फोनमधून इन्स्टाग्राम काढून टाकलं त्याला आज नऊ दिवस झाले. लक्ष सुधारतंय का? ऑफिसच्या कामात तरी फारसा फरक नाही. अंगठा मात्र अजून शिवशिवतो.

मघाशी करंजा बंदरावरून येणाऱ्या मासळीवाल्या मावशी आल्या होत्या. दर शुक्रवारी त्या आमच्या दारात बसून मासे साफ करून देतात आणि मी चौकटीला टेकून फोन बघत असते. आज फोन आत होता, म्हणून त्यांचे हातच बघत राहिले. कोयता डाव्या हातात! इतकी वर्षं त्या येतात, आणि हे मला कधी दिसलंच नाही?

मोठा शोध लागल्यासारखं विचारलं, "मावशी, तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"नाय गो. गणपतीत धक्क्यावर पडले, तवा उजवा मोडला ना. आता त्यात जोर येत नाय. तुला सांगितला होता की मी."

"मला? मग मी काय म्हटलं?"

बांगडा धुताधुता त्या हसल्या. "'अरे वा' बोललीस."

आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं. मोडलेल्या हाताला 'अरे वा'! आणि तरी त्या दर शुक्रवारी येत राहिल्या, डाव्या हाताने मासे कापत राहिल्या, आणि मी चौकटीला टेकून...

निघताना त्यांची पाटी डोक्यावर चढवायला आज पहिल्यांदाच हात लावला. अर्धी रिकामी होती, तरी केवढी जड. इतके शुक्रवार माझ्यासमोर ती त्यांनी एकटीने कशी उचलली असेल?