समुद्राकडची कोपऱ्यातली खोली

आई, तुला नमस्कार करते.

मी बरी आहे. साबणाने हात सोलायचे ते आता थांबलंय. जेवण पोटभर मिळतं, निवलेलं असलं तरी. दादाचा खोकला गेला का?

इथे लोक समुद्र बघायला येतात. यायच्या आधी फोनवर छप्पन्न प्रश्न विचारतात, खोलीतून पाणी दिसतं का, लाटांचा आवाज येतो का. आणि आले की दुपारपर्यंत झोपतात. मी आपली दाराबाहेर झाडू घेऊन उभी.

गर्दी ओसरली की मालकीणबाई कामवाल्यांच्या घरच्यांना राहू देतात. पण मागावं लागतं ना. कितीतरी दिवस माझं तोंडच उघडेना. काल एकदम म्हटलं, "आईला बोलवू?"

त्या म्हणाल्या, "अगं, तुला आवाज आहे होय?" मग हसून कोपऱ्यातली खोली दिली.

तू नाहीच म्हणणार, मला माहितीये. घर कोण बघेल म्हणशील. दादा बघेल. त्याला भात येतो, करपतो तेवढंच.

फक्त एक ऐक. इथे सकाळी उठून चादरीची घडी घालायची नाही, फडकं शोधायचं नाही. ते माझं काम आहे. तू नुसती खिडकीत बस, चहा मी आणते.

त्या खिडकीची काच मी रोज पुसते, पण तिथे बसले नाहीये कधी. तू आलीस की तुझ्याजवळ बसेन थोडी. ये ना.

तुझी घुमी