एक्केचाळीस नंबरचा समास

अण्णा, या दोन महिन्यांत घरात आलं ते असं: लेकीचा जुना कॉम्प्युटर, दुरुस्तीला अठराशे, तुमच्या भजनाच्या वहीला कव्हर, वीस रुपये. कव्हरवाल्याशी घासाघीस केली, बधला नाही.

वहीत तुम्ही प्रत्येक भजनाला नंबर दिला होता. डोळे मिटूनच म्हणायचात, "पोरी, सत्तावीस काढ," की मी पान उघडायची. नंबर सगळे तुमच्या डोक्यात, ते तुमच्याबरोबरच गेले. मागं एकदा पुंडलिकनगरच्या मंडळात तुमच्या वेळच्या एका मावशींनी विचारलं, "चंदनाचं येतं बघ, ते म्हण की गं!" नंबर कुठून आणू? लेक म्हणाली, "वही दे इकडं." महिनाभर बसून तिनं सगळी उतरवून घेतली. मला समजावते, "आई, हे खण समज. खणावर नंबर, आत कप्पे: शब्द, चाल, समासातलं टिपण. याला हॅश म्हणतात. नंबर सांग, खण उघडतो. नंबर विसरलीस, की बस रडत." म्हणून खणांना तिनं शब्दांची सूची जोडली. कोणता शब्द कोणत्या नंबरात, हे सूची सांगते. खणात दुरुस्ती केली की तीही आपोआप सुधारते. "कोणते कप्पे सूचीत घेऊ?" मी म्हटलं, "शब्द पुरे. समास कशाला? उगीच जागा खाईल." "जागेला भाडं नाही गं!" तरी मी हट्ट सोडला नाही.

चंदन लगेच सापडलं. मग मी म्हटलं, "मॅट्रिक लिहून बघ." माझा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही ओरडलात, "शिकून कलेक्टर व्हायचंय का?" आणि संध्याकाळी भजनानंतर पेन्सिलीनं समासात काहीतरी लिहीत बसलात. ते मला अजून दिसतंय. सूचीत काहीच नाही. लेक हसली, "समास तूच वगळलास ना!" तिनं तो कप्पा सूचीत घेतला, आणि एक्केचाळीस नंबर वर आला. 'पोरीचा मॅट्रिकचा निकाल. पुढं शिकते म्हणाली. मी ओरडलो. आज सूर लागला नाही.'

"तुला ठाऊक होतं?"

"उतरवताना वाचलं. तू विचारशील म्हणून थांबले."

अण्णा, तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं वही देवघरात ठेवली, रोज हळदकुंकू वाहिलं, पण एकदाही उघडली नाही. लोक भक्ती म्हणायचे. तो राग होता.

पाकीट आणलेलं नाही, तिकिटाचे वाचले. तरी उलट टपाली एवढं कळवा, एक्केचाळीस कोणत्या चालीत म्हणू? तो कप्पा तुम्ही रिकामा ठेवलाय.