ख खालचा

ता. १२ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार. मी मजेत आहे. तुमची खुशाली आईकडून कळते. गुडघा बरा आहे, हे कळतं. तुम्हाला पथ्य असूनही साखरेचा डबा कसा रिकामा होतो, हे तिला कळत नाही; मला कळतं. तीन वर्षं आपला सगळा कारभार तिच्यामार्फत चाललाय, म्हणून हे पत्र तिला न सांगता टाकतेय.

बातमी मोठी आहे. खालच्या, तापलेल्या उतारांवरून मी आणलेलं बी आठवतं ना? पुढे इथलीही हवा तापत जाणार, तर उन्हाला सरावलेल्या झाडांची पोरं इथे लावून बघू, असा माझा प्रयोग होता. ओळखू यावेत म्हणून मी त्या ट्रेंवर मोठा 'ख' काढला. ख म्हणजे खालचं. रोपवाटिकेचे प्रमुख तुम्ही, आणि तुमच्याकडे उभा जन्म ख म्हणजे खराब, टाकून द्यायचं. मी दौऱ्यावरून परतले तर ट्रे रिकामे.

तेव्हा मी जे बोलले ते सगळ्या माळ्यांनी ऐकलं.  पुढच्याच महिन्यात तुम्ही निवृत्ती घेतलीत. ते असो.

गेल्या दोन उन्हाळ्यांत आमची नेहमीच्या बियाची निम्मी लागवड वाळली. गेल्या महिन्यात नवी जागा शोधत मी खाणीमागच्या खडकाळ पट्ट्यात गेले आणि बघतच राहिले. छातीएवढी हिरवीगार झाडं, सरळ ओळींत. टोकाला पत्र्याची पाटी, तुमच्या अक्षरात: 'खराब रोपं. टाकवली नाहीत.'

साठ खड्डे मोजले. एक्कावन्नांत झाड होतं. पानं प्रयोगशाळेत दिली आणि काल निकाल आला, सगळी खालच्याच झाडांची पोरं. मी तिथेच नाचले, बाबा. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, नाच, पण काचसामान सांभाळ.

आता ते राहिलेलं. 'वाचता येत नसेल तर घरी बसा,' असं मी तुम्हाला म्हणाले होते. माझं चुकलं. तुम्ही खरंच घरी बसलात, हे मला रोज टोचतं.

पुढच्या महिन्यात खालचं बी पेरून पुढच्या पावसाळ्यात अख्ख्या टेकडीवर त्याची रोपं लावायची आहेत. रोप हातात घेऊन ते तगेल की नाही हे सांगणारं इथे कुणी नाही. याल? आला नाहीत तर मी न्यायला येईन, आणि साखरेचं आईला सांगेन.

तुमचीच
ख
(खराब नाही, बाबा. खजील.)