सगळी राखाडी पिल्लं

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. टोपल्या,

तुला आणि तुझ्या बायकोला आशीर्वाद, भाचीला पापा. चाळिशीतल्या माणसाला टोपल्या म्हटलं म्हणून फुगू नकोस. कोंबडीच्या टोपलीखाली लपून बसायचास, ते नाव आता सुटायचं नाही.

इकडे सगळं ठीक. अक्षर एवढं मोठं का, असं विचारू नकोस. पेन जाड आहे. थंडी ओसरली, कोंबड्या पुन्हा अंड्यावर आल्या. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू गेले, त्यामुळे संध्याकाळी जिन्यात पाय वाजत नाहीत. मी हल्ली कोंबड्यांशी बोलते आणि त्यांच्या वतीने उत्तरंही मीच देते.

मोठी बातमी म्हणजे मी जोड्या बदलल्या. राखाडी कोंबडा काढला. आता काळा कोंबडा, आणि त्याच्यासोबत त्या पांढऱ्या, अंगावर निळसर शिंतोडे असलेल्या कोंबड्या. म्हणशील, ताईला उशिरा का होईना, अक्कल आली! लहानपणी तू खुराड्यात फक्त राखाडीच ठेवायचास, आणि तरी दर खेपेला निम्मीच पिल्लं राखाडी; बाकीची काळी नाहीतर शिंतोडी. शेजारचा कोंबडा कुंपण ओलांडतो म्हणून त्याला दगड मारायचास. बिचारा फुकट मार खायचा. मग तूच कुठूनसं शिकून आलास: राखाडी म्हणजे एक वाटा काळ्याचा आणि एक शिंतोड्याचा. राखाडीला राखाडी लावली की वाटे पुन्हा सुटे होतात. काळ्याला शिंतोडी लावली की एकूण एक पिल्लू राखाडी.

मी तेव्हा ऐकलं नाही. पिल्लू उजेडात धरून रंग ओळखायला मला आवडायचं, आणि त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

मग आताच का बदललं? तर चित्रकलेचे निवृत्त मास्तर आहेत ना, त्यांनी माझ्याकडून राखाडी पिल्लं नेली होती. गेल्या महिन्यात त्यातला एक वाढलेला कोंबडा काखेत मारून आले.

“ताई, हा राखाडी?”

“मग काय हिरवा? उन्हात धरा जरा, निळी झाक दिसेल.”

त्यांनी धरला. मला राखाडीच दिसला. त्यांनी कोंबडा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, “ताई, हा कोळशासारखा काळा आहे हो. डोळे दाखवून घ्या.”

मी त्यांच्यावरच खेकसले. पण डोळे दाखवून आले.

पडद्याचा मधला भाग झिजतोय म्हणे, दोन्ही डोळ्यांचा. गेलेलं परत यायचं नाही. डॉक्टरीणबाई चांगली होती, घाईत नव्हती. कडेकडेचं दिसत राहील म्हणाली, समोरचं पुसत जाईल. म्हणजे दार दिसेल, दारात कोण उभं आहे ते दिसायचं नाही. किती दिवसांत, ते तिलाही सांगता येईना.

म्हणून काळा कोंबडा. आता निवडायलाच नको.

हे तुला कळवणार नव्हते. गेल्या खेपेला आलास तेव्हा “कोंबड्या विक आणि आमच्याकडे राहायला चल,” म्हणालास, मी “अडगळ म्हणून येऊ का?” म्हणाले, तू ताटावरून उठलास. तेव्हापासून तू फोन करत नाहीस आणि मीही नाही. हट्टीपणात दोघं सारखेच. आजही मला घेऊन जा म्हणून लिहीत नाहीये. डोळे गेले तरी कोंबड्या विकणार नाही. हाताला त्या सगळ्या ठाऊक आहेत. पण टोपल्या, मला फार एकटं वाटतंय रे. भीतीही वाटते. फोनवर सांगताना रडले असते, म्हणून पत्र.

अंडी उबवायला ठेवली आहेत. पिल्लं बाहेर पडली की मी न बघता सांगेन, सगळी राखाडी. तुझं तसं नाही. तुझे केस किती पिकले, पोट सुटलं का, पोरीचे पडलेले दात आले का आणि ती आता कोणावर गेलीय, हे काही जोडी बघून सांगता येत नाही. तेव्हा तिला घेऊन ये. भांडायचं असेल तर भांड, पण खिडकीपाशी, उजेडात, माझ्या समोर खुर्ची ओढून बस आणि लगेच उठू नकोस. मला नीट बघून ठेवायचंय.

दाराला कडी लावत नाही.

तुझी,
ताई