मस्टरमधले ठिपके

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार

आजपासून आमचं खातं 'पर्सोनेल' नाही – 'ह्यूमन रिसोर्स'! पेंटर दारावरची पाटी रंगवून गेला आणि ओल्या रंगाला माझा पदर लागला. नवी साडी गेली. शुभारंभ झाला म्हणायचा.

निशांत साहेब, म्हणजे नवे मॅनेजर (माझ्याहून चार वर्षांनी लहान!), यांनी सगळ्यांना उभं करून भाषण दिलं. "आजपासून या फॅक्टरीत 'मला वाटतं' बंद. आकडा दाखवायचा." पगार, रजा, हजेरी, अकाउंट्स – सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये. तळोज्यात असं करणारे आपण पहिले म्हणे. कशावरून? आकडा दाखवा की! – मनात म्हटलं.

माझ्याकडे अ‍ॅसिड प्लँटच्या साठ कामगारांचा मार्चपर्यंतचा तीन वर्षांचा हजेरीचा मस्टर आलाय. कॉम्प्युटर सगळ्यांना आपोआप हजर धरतो. गैरहजर तेवढे दिवस मी भरायचे. नीट झालं तर ऑफिसर करतो म्हणाले. अकरा वर्षं क्लार्क आहे मी. अकरा!

१३ नोव्हेंबर

डोळे चुरचुरतात. हे म्हणाले, झोपेत बोटं हलत होती तुझी.

१८ नोव्हेंबर

मस्टर गंगारामकाकांच्या हातचा. ते टाइमकीपर होते, मार्चमध्ये रिटायर झाले. हजेरीच्या खुणेशेजारी मधेच तांबड्या पेन्सिलीचा ठिपका काढलेला असतो. कुणाच्या नावापुढे महिन्यातून एक, कुणाच्या दोन. भैरूच्या नावापुढे तर गोवर उठल्यासारखे!

भानगड काय ते मला साधारण ठाऊक आहे. कामगारांची आपसातली बदली. एकाला अडचण आली की दुसरा त्याच्या जागी डबल ड्यूटी करतो आणि मस्टरवर दोघंही हजर. फोरमन काणाडोळा करतो. म्हणजे ठिपकेवाला त्या दिवशी आलेलाच नाही. उघड आहे.

साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

काकांना विचारायला हवं होतं का? ते राहतात तळवलीला, घरी फोन नाही, दोन बस बदलायच्या. शिवाय जाताना मला टोमणा मारून गेले होते – "तुजं ते मशीन मानूस वलखते का गो?" आता त्यांच्याच दारात जाऊन उभी राहू? मुळीच नाही.

२१ नोव्हेंबर

ठिपका म्हणजे गैरहजर. भरत सुटलेय.

३० नोव्हेंबर

संपलं! साहेबांनी पेढे मागवले. एकही ओळ चुकली नाही, दोनदा ताडून पाहिलं.

८ डिसेंबर

पेढे कशाचे ते आज कळलं. प्लँटमध्ये दहा माणसं जास्त आहेत, असं हेड ऑफिसचं म्हणणं. कोणती दहा? सगळ्यांत जास्त गैरहजर राहणारी. बटण दाबलं, प्रिंटर करकरला, यादी बाहेर.

पहिलं नाव भैरूचं. तीन वर्षांत एकशे बारा दिवस.

फोरमन तो कागद घेऊन आत आले. आवाज चढलेला. "भैरू गैरहजर? अहो, हा माणूस घरी कधी जातो हे मला कळत नाही!"

साहेब शांतपणे म्हणाले, "हे तुमचं मत झालं. आकडा आणा."

फोरमनकडे कुठला आलाय आकडा! मला हसू आलं, फाइलीत तोंड घालून हसले. हे इथे लिहून ठेवलेलं बरं.

१४ डिसेंबर

पत्रं वाटली. 'स्वेच्छानिवृत्ती'. स्वेच्छा कसली, डोंबल! शेवटचा दिवस एकतीस जानेवारी.

नऊ जण भांडले, रडले. एकाने माझ्या टेबलावर पत्र फाडलं. भैरू शेवटी आला. पाटणकडचा, पन्नाशीचा, हातावर अ‍ॅसिडचे जुने डाग. कागद उलटसुलट करून पाहिला.

"किती दिस गैरहजर म्हनालासा?"

"एकशे बारा."

कागद माझ्यापुढे सरळ करून ठेवला. मग म्हणाला, "सही कुटं करू?"

बस, एवढंच. भांडला असता तर मी नियम सांगितले असते. नियम सांगायची माझी तयारी होती.

१७ डिसेंबर

कामात लक्ष नाही. एकशे बारा दिवस घरी बसलेल्या माणसाचे हात असे असतात?

२० डिसेंबर, रविवार

गेले शेवटी तळवलीला. काका ओट्यावर बसले होते. पाणी दिलं, बस म्हणाले. मी मस्टरचं सांगायला लागले. ठिपके गैरहजर धरले म्हटल्यावर त्यांच्या हातातली विडी तशीच राहिली.

"उलटा केलास गो पोरी! जो थांबला त्याला ठिपका. त्याची आठवन र्‍हावी म्हनून. जो आला नाय त्याला कशाला ठिपका? त्याच्या अडचनीचा कागद कशाला करायचा?"

प्लँटमधली सगळ्यांत जास्त राबणारी माणसं मी यादीच्या डोक्यावर नेऊन बसवली होती. दोनदा ताडून!

आतून त्यांनी खिशात मावेल अशी, फक्त स्वतःपुरती ठेवलेली एक वही आणली. कोण कुणासाठी कधी थांबला, सगळं तारीखवार. भैरूच्या एकशे बारापैकी शहाण्णव दिवस एकट्या नामासाठी. नामा त्याच्या पुढच्या पाळीतला. त्याची बायको गोजरा तीन वर्षं आजारी आहे, तिला परळच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं.

"भैरूपुरता बघ आनि परत आनून दे. साहेबाला दावू नको हां."

हो म्हणाले.

२१ डिसेंबर

साहेबांपुढे सगळं कबूल केलं. नोकरी जाणार असं धरूनच गेले होते. ते तर खूश! म्हणाले, "चूक सापडली ना? याचाच अर्थ सिस्टीम काम करते." भैरूचं पत्र रद्द करायचं म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांनी विचारलं, "पण भैरू थांबला, म्हणजे त्या दिवशी आलं कोण नव्हतं?"

वही माझ्या पर्समध्ये होती. 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. त्यांना काय कळणार होतं? पण गेल्या महिन्यात काकांना न विचारता 'नक्की' म्हणाले होते, आणि आज मला खरोखर नक्की माहीत होतं. पुन्हा चुकलेली बाई म्हणून त्या खुर्चीवरून उठायचं नव्हतं मला. वही काढली आणि दिली.

काय केलं मी!

२३ डिसेंबर

पुन्हा भरलं. नवी यादी. सहा नावं बदलली. भैरू सुटला. पहिलं नाव नामाचं – शहाण्णव.

साहेबांना म्हटलं, बायको आजारी आहे त्याची. म्हणाले, "सॉफ्टवेअरमध्ये त्याला कॉलम नाही, सुचित्राबाई."

४ जानेवारी १९९९

वही परत मागितली. आता ते कंपनीचं रेकॉर्ड आहे म्हणाले, कपाटात बंद. तळवलीला कुठल्या तोंडाने जाऊ?

११ जानेवारी

नामाला पत्र दिलं. रडला नाही. म्हणाला, "बाई, ईएसआयचं कार्ड पन जमा करायचं का?"

गोजराचं औषधपाणी त्याच कार्डावर चालतं. नियम बघून सांगितलं – मुदत संपेपर्यंत चालेल, पुढे नाही. "मुदत कदी संपती?" तीही बघून सांगितली. मला तारीख बरोबर सांगता आली.

१५ जानेवारी

साहेबांनी मीटिंगमध्ये माझं उदाहरण दिलं. स्वतःची चूक स्वतः शोधणारी माणसं कंपनीला हवीत! टाळ्या. फोरमननी वाजवल्या नाहीत.

घरी यांना सगळं सांगितलं. हे कळंबोलीच्या लोखंड बाजारात हिशेब लिहितात, यांना कागदाची रीत कळते. म्हणाले, "तू खोटं तर काही भरलं नाहीस ना? मग?" भाजी करपली.

२० जानेवारी

ऑफिसरचं पत्र मिळालं. कुणाला सांगितलं नाही.

२९ जानेवारी

नामा आज शेवटचा. एकतीसला रविवार आणि उद्या त्याची सुटी. बूट, हेल्मेट, लॉकरची किल्ली जमा केली. पावतीवर मी सही केली. निदान भैरू वाचला, असं दिवसभर स्वतःला सांगत होते. एवढं एक तरी माझ्या हातून चांगलं झालं.

१ फेब्रुवारी

भैरू सकाळी खिडकीशी आला. वाटलं, आभार मानेल. उगाच सावरून बसले.

म्हणाला, "तुमी एकशे बारा म्हनाला, तवाच म्या चूक वळखली व्हती. तोंड उघडलं असतं तर नामाचं बाहेर पडलं असतं. माजी दोनी पोरं कमावती हायेत, म्हनून गुमान सही केली. तुमाला कुनी सांगितलं व्हतं वो, मला वाचवायला?"

मग हजेरीचं कार्ड मशीनला लावून कामावर गेला.